शाळेतून आलेल्या लेकराच्या अंगावरचे वळ

दिव्यांग मुलांना शाळेत होणाऱ्या त्रासाबद्दल या वेळी इतकी पत्रं आली की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवावे लागले. पत्रं लहान केली आहेत. गावाचं, शाळेचं, मुलाचं नाव कुठंही दिलेलं नाही. उत्तरं विशेष शिक्षण आणि बालहक्कांच्या कामातल्या मंडळींनी मिळून लिहिली आहेत.

प्रश्न : मुलगा नऊ वर्षांचा, जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीत आहे. बौद्धिक दिव्यांग आहे, दोन-तीन शब्दांपलीकडे बोलत नाही. पंधरा दिवसांत दोनदा दंडावर काळेनिळे डाग दिसले. गुरुजी म्हणतात, "पडला असेल, तो तर पडतच राहते." आम्ही दोघं कापूस वेचायला जातो, घरी म्हातारी सासू असते. आधी काय करावं?
— एक आई, यवतमाळ जिल्हा

उत्तर : ताई, शाळेत जाऊन भांडायच्या आधी डाग नीट पाहा. पोर पडलं की मार बहुधा हाडाच्या उंचवट्याला लागतो: गुडघा, नडगी, कोपर, कपाळ, हनुवटी. दंडाची आतली बाजू, कान, मान, पाठ, कुल्ले, मांडीची आतली बाजू इथं नुसतं पडून डाग सहसा उठत नाही. दंडाच्या एका अंगाला एक आणि दुसऱ्या अंगाला तीन-चार गोल डाग असतील तर ते घट्ट धरलेल्या बोटांचे असू शकतात. छडीचा वळ असेल तर दोन समांतर लाल रेघा आणि मधे फिकट पट्टा दिसतो. पण यावरून लगेच कुणाचं नाव घेऊ नका. फिटच्या काही गोळ्यांनी, विशेषतः व्हॅल्प्रोएटनं, रक्तातल्या प्लेटलेट कमी होतात आणि साध्या धक्क्यानंही डाग पडतो. पायाच्या आधाराला बांधलेल्या कॅलिपरचा पट्टा घासूनही वळ उठतो. मुलाला अशी गोळी चालू असेल तर ते डॉक्टरांना सांगा, ते रक्त तपासतील. आपली बाजू खरी असेल तर अशा तपासणीनं ती पक्कीच होते.

हळद-चुना, बाम, तेल लावायच्या आधी फोटो काढा. पहिल्या फोटोत मुलाचा चेहरा आणि डाग दोन्ही दिसू द्या, म्हणजे डाग कुणाचा हा वाद राहत नाही. दुसरा जवळून काढा. तिसऱ्यात डागाशेजारी मोजपट्टी किंवा रुपयाचं नाणं ठेवा. उजेड बाहेरचा असावा, मोबाइलचा फ्लॅश नको, त्यानं रंग उडतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा काढा, कारण खोल मार कधी कधी दुसऱ्या दिवशीच वर दिसतो. फोटो मोबाइलमधून पुसू नका आणि त्यावर काही लिहू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला फोटो दबून जातो, म्हणून मूळ फोटो त्याच मोबाइलमध्ये ठेवा.

त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात न्या. डॉक्टरांना "पडला" असं सांगू नका, "गुरुजीनं मारलं" असंही नको. जे माहीत आहे तेवढंच सांगा: सकाळी अंगावर डाग नव्हता, शाळेतून आल्यावर दिसला. हे वाक्य केसपेपरवर लिहून घ्यायला सांगा आणि तो कागद जपा. दवाखान्यानं पोलिसांना कळवलं तर घाबरू नका, मारहाणीचा संशय असला की ते तसं करतात.

आता सासूबाईंचं काम, आणि साऱ्यात मोठं काम तेच आहे. रोज सकाळी आंघोळ घालताना त्यांनी लेकराचं अंग पाहायचं आणि संध्याकाळी शाळा सुटल्यावर पुन्हा पाहायचं. आपण वहीत तारीख, वार, वेळ घालून लिहायचं: "सोमवार, सकाळी ९, अंगावर काही नाही. संध्याकाळी ५, उजव्या दंडावर आतून तीन डाग. जेवला नाही. दप्तर पाहून रडला." बहुतेक तक्रारी ढिल्या पडतात त्या सकाळची ओळ नसल्यामुळं. संध्याकाळचा डाग सगळे दाखवतात, पण सकाळी तो नव्हता हे कुणीच लिहिलेलं नसतं आणि शाळा म्हणते, घरीच पडला. आजीला लिहिता येत नसेल तर शेजारच्या सातवी-आठवीच्या मुलीकडून लिहून घ्या, खाली आजीचा अंगठा घ्या.

लेकराला विचारताना एक चूक फार होते. "गुरुजीनं मारलं ना?" असं विचारलं की ते मान हलवतं, कारण बौद्धिक दिव्यांग मुलं समोरच्याला बरं वाटावं म्हणून पुष्कळदा "हो"च म्हणतात. मग "तुझ्या बाबानं मारलं?" असं विचारलं तरी मान हलते आणि सगळी गोष्ट खोटी ठरते. डागावर हलकं बोट ठेवा आणि थांबा. तो काय करतो ते पाहा: हात उगारून दाखवतो, कुणाकडं बोट करतो, कुठली वस्तू दाखवतो. शाळेचा गट-फोटो असेल तर तो समोर ठेवा आणि स्वतः कुठंही बोट ठेवू नका. एकदाच विचारा. जे केलं, जो शब्द निघाला, तो जसाच्या तसा लिहा. रोज-रोज विचारलं की लेकरू आपल्याला पाहिजे तेच दाखवायला शिकतं.

मग अर्ज. तोंडी सांगितलेलं आठ दिवसांनी कुणाला आठवत नाही. मुख्याध्यापकांच्या नावानं एक पान पुरे. मुलाचं नाव, वर्ग, दिव्यांगत्व, डाग कधी दिसला, दवाखान्यात कधी दाखवलं, हे चार ओळींत लिहा आणि खाली मागण्या लिहा: चौकशी करावी, चौकशी होईपर्यंत मुलाला त्या व्यक्तीजवळ एकटं ठेवू नये, त्या दिवशीचं हजेरीपत्रक आणि कॅमेरा असेल तर त्याचं चित्रण जपून ठेवावं, सात दिवसांत लेखी उत्तर द्यावं. चित्रणाची मागणी पहिल्याच दिवशी करा. कॅमेऱ्याच्या डब्यात जागा भरली की जुनं चित्रण आपोआप पुसलं जातं, नंतर रडून उपयोग नाही. कुणावर शिक्कामोर्तब करणारे शब्द टाळा, "मारलं" ऐवजी "मारहाणीचा संशय आहे" लिहा. दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, सही, शिक्का घ्या. घेत नसतील तर तोच अर्ज स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती वहीत चिकटवा.

याच अर्जाची प्रत पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडं आणि जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकारी (प्राथमिक) यांच्याकडं द्या. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी आहे, आणि करणाऱ्यावर सेवानियमाप्रमाणं शिस्तभंगाची कारवाई होते. कलम ३२ प्रमाणं लेखी तक्रारीचा निकाल स्थानिक प्राधिकरणानं तीन महिन्यांत द्यायचा असतो. नाही पटला तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडं अपील आहे.

शाळेची चौकशी संपल्याशिवाय पोलिसात जाता येत नाही, असं कुणी सांगितलं तर मानू नका. मुलाचा ताबा ज्याच्याकडं असतो त्यानं केलेली मारहाण हा बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७५ खाली गुन्हा आहे. ठाण्यात घेत नसतील तर पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवा, त्यानंतर न्यायालयाचा मार्ग आहे. आणखी एक दार लोकांना फारसं माहीत नसतं: दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम ७ प्रमाणं छळाची माहिती कार्यकारी दंडाधिकाऱ्याला देता येते. तालुक्याला तहसीलदार कार्यकारी दंडाधिकारी असतात. छळ होण्याची भीती असेल तरीही अर्ज देता येतो. वकिलाचा खर्च करू नका. तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीत मुलांना, स्त्रियांना आणि दिव्यांगांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. फोन १५१००.

प्रश्न : आमच्या मुलीचं दिव्यांग प्रमाणपत्र अजून निघालं नाही. जिल्हा रुग्णालयात तीन खेपा झाल्या. कागद नसताना तक्रार करता येते का?
— वर्धा जिल्हा

उत्तर : येते. मारहाण, अपमान, शाळेतून काढणं यांवरच्या तक्रारीला ४० टक्के दिव्यांगत्वाची अट नाही. ती अट काही ठरावीक सवलतींसाठी आहे. पोलिसांना आणि शाळेला डॉक्टरांची जुनी चिठ्ठी, अंगणवाडीची नोंद, शाळेच्या नोंदवहीतला शेरा, काहीही दाखवा. प्रमाणपत्राची नोंदणी आपली चालू ठेवा.

प्रश्न : मुलगी सहावीत, खासगी अनुदानित शाळेत. दोन्ही कानांना श्रवणयंत्र. वर्गात यंत्र शिट्टी वाजवतं म्हणून एक बाई ते काढून टेबलावर ठेवतात. मुलं "बहिरी, बहिरी" म्हणून ओरडतात. मुख्याध्यापक म्हणतात, "तिला मूकबधिर शाळेत टाका, दाखला आजच देतो."
— बुलडाणा जिल्हा

उत्तर : शिट्टीचं आधी पाहू, कारण ते लवकर सुटण्यासारखं आहे. यंत्राचा आवाज कानाच्या साच्याच्या फटीतून बाहेर येऊन परत यंत्रात शिरला की शिट्टी वाजते. वाढत्या वयात कान मोठा होतो आणि साचा सैल पडतो. मुलांचा साचा वर्ष-सहा महिन्यांनी बदलावा लागतो. कानात मळ साठला तरी शिट्टी येते. म्हणून जिल्हा रुग्णालयातल्या श्रवणतज्ज्ञाकडून साचा नवीन घ्या, मळ काढून घ्या. बॅटरीचा जास्तीचा जोड डब्बीत घालून दप्तरात ठेवा. यंत्र शिट्टी मारतं हे ते काढून घ्यायचं कारण होऊ शकत नाही. दिव्यांग अधिनियमाच्या कलम ९२ मध्ये दिव्यांगाच्या साहाय्यक उपकरणाच्या वापरात जाणूनबुजून अडथळा आणणं आणि चारचौघांत पाणउतारा करण्यासाठी अपमान करणं हे दोन्ही गुन्हे आहेत. शिक्षा सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत आणि दंड. तरी बाईंबाबत पहिलं पाऊल लेखी पत्राचं असू द्या: "मुलीचं श्रवणयंत्र कुणीही काढू नये, शिट्टी वाजली तर या क्रमांकावर फोन करावा." पुष्कळदा बाईंना यंत्र काय करतं हेच माहीत नसतं. पत्रानंतरही काढलं तर ते माहीत नसल्यामुळं काढलं, असं म्हणता येणार नाही, आणि मग पुढची पावलं टाका.

दाखल्याच्या अर्जावर सही करू नका. कोऱ्या कागदावर तर मुळीच नको. पालकानं सही केली की शाळेच्या दप्तरी "पालकांच्या विनंतीवरून" असं लागतं आणि मुलीला काढलं याचा पुरावा उरत नाही. आठवीपर्यंत कुठल्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही (शिक्षण हक्क कायदा, कलम १६). जवळची नेहमीची शाळा की विशेष शाळा, हे सहा ते अठरा वयाच्या, ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाच्या बाबतीत मुलानं आणि घरच्यांनी ठरवायचं असतं (दिव्यांग अधिनियम, कलम ३१). मुख्याध्यापकांना एवढंच म्हणा, "सर, हेच लिहून द्या." बहुधा लिहून देत नाहीत आणि विषय तिथंच थांबतो.

चिडवणारी मुलं ही मुलंच आहेत, त्यांच्यावर पोलीस नकोत. शिक्षण विभागाच्या तालुक्यातल्या गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात. त्यांना वर्गात एक तास घ्यायला सांगा. पोरांच्या कानात कापूस घालून शुद्धलेखन घेतलं की वर्ग पुष्कळ बदलतो. मुलीला पहिल्या-दुसऱ्या बाकावर, खिडकीकडं पाठ करून बसवायला सांगा, म्हणजे बाईंच्या तोंडावर उजेड पडतो आणि ओठ दिसतात. फळ्याकडं तोंड करून शिकवू नये, हेही पत्रात लिहा. हा शाळेचा उपकार नाही. दिव्यांग अधिनियमाच्या कलम १६ प्रमाणं शाळेनं करून द्यायची ही सोय आहे.

प्रश्न : माहा पोरगा बारा वर्साचा हाय. त्याले फिटा येतात, समजबी कमी हाय. तालुक्याच्या गावी मतिमंद मुलाइच्या निवासी शाळेत ठेवला. दिवाळीले घरी आणला तं वजन पाच किलोनं कमी भरलं, अन् गोळ्याच्या पट्ट्या तशाच भरेल निंघाल्या. भेटाले गेलो तं गेटावरच बसवून ठेवतात. जास्त बोललो तं म्हणतात, घेऊन जा तुमचं पोरगं.
— एक बाप, अकोला जिल्हा

उत्तर : दादा, गोळ्यांचं पहिलं. फिटच्या गोळ्या एकदम बंद पडल्या तर लागोपाठ फिट येऊन जिवावर बेतू शकतं. म्हणून आधी त्याला डॉक्टरकडं न्या, गोळी पुन्हा कशी सुरू करायची हे त्यांनाच ठरवू द्या, आपल्या मनानं एकदम पूर्ण डोस देऊ नका. वजन सरकारी दवाखान्यात करा आणि केसपेपरवर लिहून घ्या. भरलेल्या पट्ट्या फेकू नका. त्यांचा फोटो काढा, पट्टीवरची तारीख दिसू द्या.

परत पाठवायचं ठरलं तर गोळ्या हातात देऊन मोकळे होऊ नका. कागदावर लिहा: गोळीचं नाव, किती मिलिग्रॅम, सकाळी किती, रात्री किती, एकूण किती दिल्या, आणि त्यावर अधीक्षकांची सही घ्या. दिवसाला दोन गोळ्या, तीस दिवसांच्या साठ. वीस दिवसांनी गेलात तर वीस उरल्या पाहिजेत. पंचेचाळीस उरल्या तर पंचवीस गोळ्या चुकल्या, हे कुणालाही दिसतं. भेटीच्या वहीत आल्याची वेळ आपल्या हातानं लिहा, आणि भेटू दिलं नाही तर "भेट दिली नाही" असं लिहून सही करा. वही देत नसतील तर गेटावरूनच फाटकासह फोटो काढून घरच्यांच्या ग्रुपवर टाका, वेळ आपोआप नोंदली जाते. प्रत्येक भेटीला वेगळा वार, वेगळी वेळ ठेवा. दर रविवारी दुपारी जाणाऱ्या बापाला फक्त रविवारची दुपार दिसते. जेवणाच्या वेळी जा. मुलाची नखं, डोकं, पाठ, बसायची जागा पाहा. एकाच जागी फार वेळ बसवून किंवा झोपवून ठेवलेल्या मुलाला माकडहाडावर लाल चट्टा येतो आणि दाबूनही त्याचा रंग उतरत नाही.

तक्रार कुठं, यात लोक चुकतात. ही शाळा गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या हाताखाली नाही. दिव्यांगांच्या विशेष शाळा दिव्यांग कल्याण विभागाच्या अखत्यारीत येतात. जिल्ह्याच्या जागी त्यांची विचारपूस जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण कार्यालयात करा आणि वर पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तालय आहे. शिक्षण विभागात दिलेला अर्ज महिना-दोन महिने फिरतो आणि "आमच्याकडं येत नाही" म्हणून परत येतो. नोंदणी प्रमाणपत्राशिवाय दिव्यांगांची संस्था चालवता येत नाही आणि अटी मोडल्या तर ते रद्द होऊ शकतं, म्हणून संस्था "घेऊन जा" म्हणते तेव्हा तिलाही गमावण्यासारखं असतं. ताब्यातल्या दिव्यांगाला जाणूनबुजून जेवण-पाणी नाकारणं हाही कलम ९२ खाली गुन्हा आहे. जिल्ह्याच्या बालकल्याण समितीलाही अर्जाची प्रत द्या. आत आणखी लेकरं तशीच असतील असं वाटलं तर १०९८ या मुलांच्या मदत क्रमांकावर फोन करा. नाव गुप्त ठेवता येतं.

प्रश्न : भाची शासकीय आश्रमशाळेत आठवीत. तिला ऐकू येत नाही, घरच्या खुणांनी बोलते, घरात कोरकू. सुटीला आली तेव्हापासून कुणाला जवळ येऊ देत नाही, परत जायचं म्हटलं की पोट धरून बसते. खुणेनं जे दाखवलं ते लिहवत नाही. शाळेला सांगावं की पोलिसांना?
— मेळघाट, अमरावती जिल्हा

उत्तर : पोलिसांना, आजच. ११२ किंवा १०९८. शाळेला आधी सांगितलं की ज्याच्यावर संशय आहे त्याला सावध व्हायला वेळ मिळतो. घटना कुठंही झाली असली तरी कुठल्याही ठाण्यानं फिर्याद घेतली पाहिजे. मुलीला ठाण्यात न्यायचं कारण नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांसाठीच्या पॉक्सो कायदा २०१२ प्रमाणं तिचा जबाब घरी किंवा तिला सोयीच्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं, साध्या कपड्यांत घ्यायचा असतो. रात्री तिला ठाण्यात ठेवता येत नाही.

घटना ताजी असण्याची शक्यता असेल तर तिला आंघोळ घालू नका. कपडे धुऊ नका आणि कागदात गुंडाळून ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत ओल राहते, बुरशी धरते, पुरावा जातो. धारणीच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात न्या. फिर्याद व्हायची असली तरी तपासणी थांबत नाही, मुलीची तपासणी महिला डॉक्टरनंच करायची आणि जवळ विश्वासाचं माणूस असू द्यायचं. ७२ तासांच्या आत पोचलात तर संसर्ग आणि गर्भधारणा टाळायची औषधंही देता येतात. त्यापेक्षा उशीर झाला असला तरी जा.

भाषेसाठी अडून बसा. कोरकू समजणारा दुभाषी आणि तिच्या खुणा ओळखणारी व्यक्ती किंवा विशेष शिक्षक, दोन्ही मागा. तो तिचा हक्क आहे. घरच्या खुणा शहरातल्या सांकेतिक भाषेच्या दुभाष्याला कळत नाहीत, म्हणून ज्या बाईशी ती रोज खुणांनी बोलते तिला सोबत ठेवा. दिव्यांग व्यक्तीचा जबाब न्यायदंडाधिकाऱ्यांपुढं दुभाष्यासह होतो, त्याचं चित्रण होतं आणि तो पुढं खटल्यात तिची सरतपासणी म्हणून धरता येतो, म्हणजे तेच सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागत नाही. म्हणून "चित्रण करा" हे शब्द स्वतः म्हणा. आरोपी शाळेचा कर्मचारी असेल, किंवा मुलीच्या अपंगत्वाचा फायदा घेतला असेल, तर गुन्हा अधिक गंभीर कलमांत जातो. मुलगी अनुसूचित जमातीची आणि आरोपी अनुसूचित जाती-जमातींबाहेरचा असेल तर अ‍ॅट्रॉसिटी कायद्याची कलमंही लावायला सांगा. हे माहीत असून न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखालाही पॉक्सोच्या कलम २१ खाली शिक्षा आहे. फिर्याद झाल्यावर प्रत धारणीच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाला द्या. अत्याचारपीडितांना आर्थिक मदत देणाऱ्या मनोधैर्य योजनेचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात होतो, तो फिर्यादीच्या आठवड्यातच करा.

आणि घरात तिच्यासमोर रडारड, चर्चा नको. तिला ऐकू येत नसलं तरी चेहरे वाचता येतात.

प्रश्न : तक्रार दिली तर सरपंच आणि चार जण घरी आले. "गावात एकच शाळा, गुरुजी चांगले आहेत, बॉण्डावर लिहून द्या आणि मिटवा." नाही म्हटलं तर गावात राहायचं कसं?
— यवतमाळ जिल्हा

उत्तर : ही भीती खरी आहे, तिला आम्ही कमी लेखत नाही. त्यांना बसू द्या, चहा द्या, सही देऊ नका. "आमची कुणाबद्दल तक्रार नाही" हा बॉण्ड पुढं प्रत्येक कार्यालयात तुमच्याविरुद्ध दाखवला जातो. उलट त्यांनाच मागा: मुलगा सुरक्षित राहील यासाठी गाव काय करणार, ते शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावात लिहा. या समितीत ७५ टक्के पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया, म्हणजे ती तुमचीच आहे. ठरावात तीन गोष्टी घाला: मुलाला एकटं कोंडून किंवा वर्गाबाहेर ठेवायचं नाही, शौचाला नेणारी व्यक्ती ठरलेली असेल, महिन्यातून एकदा दोन पालक न सांगता शाळा पाहतील. गुरुजींची चौकशी वेगळी चालू राहील, ती गावाच्या हातात नाही हे शांतपणे सांगा. लैंगिक गुन्हा असेल तर गावात बसून मिटवायचा प्रश्नच येत नाही. एकटे जाऊ नका. शाळेत दुसरं दिव्यांग मूल असेल तर त्याच्या आईला धरा, आशाताईंना सोबत घ्या. दोन घरांचे अर्ज एका तारखेला गेले की "या घरालाच खोड आहे" असं म्हणता येत नाही.

प्रश्न : दोनशिक्षकी शाळा, पहिली ते चौथी, ४३ मुलं. एक स्वमग्न (ऑटिझम असलेला) मुलगा सतत पळतो, समोर रस्ता, बाजूला विहीर, कुंपण नाही. त्याच्या वडिलांनीच सांगितलं, ओढणीनं बाकाला बांधून ठेवा. बांधावं का?
— एक शिक्षिका, वाशिम जिल्हा

उत्तर : बाई, नाही. पालकांनी सांगितलं तरी नाही, त्यांच्या परवानगीनं ते कायदेशीर होत नाही. बांधलेल्या मुलाला फिट आली, उलटी झाली, तर तो वळू शकत नाही आणि गुदमरतो. पळणंही थांबत नाही, सुटला की दुप्पट पळतो.

आठवडाभर फक्त एक नोंद ठेवा: किती वाजता पळाला आणि त्याआधी काय झालं. बहुधा ठरावीक दोन-तीन वेळा निघतात. परिपाठाचा ध्वनिक्षेपक, खिचडीच्या कुकरची शिट्टी, ४३ जणांचा पाढ्यांचा एकसुरी गलका. आवाजानं पळत असेल तर त्या पाच मिनिटांआधीच त्याला बाहेर काढा, पाण्याची बादली नेण्याचं काम द्या, झाडाखाली बसवा. दर वीस मिनिटांनी दोन मिनिटं मोकळं चालू द्या. हक्काची सुटी मिळाली की चोरटं पळणं कमी होतं. जागा दारापासून लांब, पाठीला भिंत. दिवसाची चार चित्रं भिंतीला लावा: परिपाठ, पाटी, खिचडी, घर. पुढं काय होणार हे कळलं की तो शांत होतो. धावलाच तर मागून शर्ट ओढू नका. पुढं जाऊन वाट अडवा, हात उघडा ठेवून बाजूनं धरा, धोका टळला की लगेच सोडा आणि त्याच दिवशी घरी लिहून कळवा.

विहिरीला जाळी आणि शाळेला कुंपण हवंच. व्यवस्थापन समितीचा ठराव घेऊन ग्रामपंचायतीला आणि पंचायत समितीला आजच लेखी द्या, त्यात "स्वमग्न विद्यार्थ्याच्या जिवाला धोका" हे शब्द असू द्या. समग्र शिक्षा योजनेतून मदतनीस भत्त्याची तरतूद आहे, गटसाधन केंद्राकडं मुलाच्या नावानं मागणी करा. आजी-आजोबांपैकी कुणी पहिले पंधरा दिवस शाळेत बसू शकत असेल तर बसू द्या, पण वर्गाच्या दारात नव्हे, फाटकाशी.